लोखंडी गोळा आणि सोळाशे मीटर

भरतीची जाहिरात निघाली की ग्रामीण महाराष्ट्रातल्या डांबरी रस्त्यांवर पहाटे चार-साडेचारपासून पावलांचे आवाज सुरू होतात. धावणे, जोर, बैठका आणि बीम हा या मुलामुलींचा वर्षानुवर्षांचा ठरलेला क्रम. अलीकडे त्यात केटलबेल या नव्या साधनाची भर पडली आहे. वर मूठ आणि खाली लोखंडी गोळा असे हे वजन पूर्वी शहरातल्या महागड्या व्यायामशाळांत दिसे. आता ते तालुक्याच्या भरतीपूर्व अकादमीतही दिसू लागले आहे. रोज दहा-पंधरा मिनिटे गोळा झुलवला की ताकद, दम आणि चपळाई एकदम मिळते, असे मोबाइलवरच्या चित्रफिती सांगतात. वयोमर्यादा जवळ आलेल्या उमेदवाराला हे आश्वासन फार मोठे वाटते, आणि म्हणूनच ते तपासून घ्यायला हवे. तयारी चुकली तर केवळ एक संधी हुकत नाही. पायाचे हाड, मूत्रपिंड आणि कधी कधी जीवही पणाला लागतो.

साधन म्हणून केटलबेलमध्ये नवे काही नाही. रशियात त्याला ‘गिर्या’ म्हणतात. धान्य तोलण्याच्या वजनांतून ते आले असे मानले जाते. म्हणूनच त्याचे माप ‘पूद’ या जुन्या रशियन एककात सांगितले जाई. एक पूद म्हणजे साधारण १६ किलो. आजही बाजारात मिळणारी १६, २४ आणि ३२ किलोची वजने ही एक, दीड आणि दोन पुदांचीच आहेत. सेंट पीटर्सबर्गचे डॉक्टर व्लादिस्लाव क्रायेव्हस्की यांनी १८८५ मध्ये हौशी व्यायामपटूंचे मंडळ काढले आणि या वजनांना व्यायामात मानाचे स्थान मिळवून दिले. आपल्याकडच्या तालमीतला मुद्गल आणि गदा याच जातीचे. वजन मुठीपासून दूर लोंबकळते, ते झुलवायचे आणि सावरायचे. त्यात हाताइतकेच कंबर आणि पाय राबतात.

लष्कराशीही या गोळ्याचे नाते आहे. अमेरिकी लष्कराची शारीरिक चाचणी १९८० पासून चार दशके जोर, उठाबशांसारखे पोटाचे व्यायाम आणि दोन मैल धावणे या तीनच प्रकारांवर चालली. ऑक्टोबर २०२२ पासून नवी चाचणी अधिकृत झाली. तिच्या एका प्रकारात सैनिकाला सुमारे १८ किलोचा एकेक केटलबेल दोन्ही हातांत धरून ५० मीटर पळावे लागते. जून २०२५ मध्ये ही चाचणी पुन्हा बदलली, तरी हा प्रकार तिच्यात कायम राहिला. म्हणजे तिथला सैनिक केटलबेलचा सराव करतो तेव्हा तो परीक्षेतल्याच प्रश्नाची तयारी करत असतो.

आपल्याकडची प्रश्नपत्रिका वेगळी आहे. अग्निवीर जनरल ड्युटी भरतीच्या मैदानी चाचणीत १०० गुण असतात. त्यांतले ६० गुण १.६ किलोमीटर धावण्याला आणि ४० बीमला. साडेपाच मिनिटांच्या आत धावणाऱ्याला पूर्ण ६० गुण आणि दहा बीम काढणाऱ्याला पूर्ण ४०. नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे आणि नागमोडी पट्टीवर तोल सांभाळणे यांत फक्त पात्र व्हायचे असते. निमलष्करी दलांच्या शिपाई भरतीत पुरुषांना २४ मिनिटांत ५ किलोमीटर, तर महिलांना साडेआठ मिनिटांत १.६ किलोमीटर धावावे लागते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. पुरुषांसाठी १६०० मीटर आणि महिलांसाठी ८०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, महिलांचा ४ किलोचा. नियम जाहिरातीगणिक बदलू शकतात, म्हणून ताजी जाहिरात वाचूनच तयारी आखावी. केटलबेलचा उपयोग किती, याचे उत्तर याच गुणतक्त्यात आहे.

शरीराचा नियम सरळ आहे: त्याच्याकडून जे काम मागावे, त्याच कामात ते तरबेज होते. साडेपाच मिनिटांत १.६ किलोमीटर म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येक साडेब्याऐंशी सेकंदांत. या शर्यतीला लागणाऱ्या ऊर्जेचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग श्वासातून घेतलेल्या प्राणवायूच्या मदतीने तयार होतो. म्हणजे फुप्फुसे, हृदय, रक्तातले हिमोग्लोबिन आणि पायाच्या स्नायूंतली ऊर्जाकेंद्रे या सगळ्या साखळीची ही परीक्षा असते. ही साखळी धावण्यानेच सर्वांत चांगली तयार होते. पाय जमिनीवर कसा पडतो, हात किती हलतात, पहिली फेरी किती रोखून धरायची, हे शहाणपणही धावल्याशिवाय येत नाही.

केटलबेलवरचे संशोधन याच दिशेने बोट दाखवते. एका प्रयोगात १६ किलोचा गोळा बारा मिनिटे झुलवायला लावला. सहभागी व्यक्तींचे हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ८७ टक्क्यांपर्यंत गेले, पण प्राणवायूचा वापर मात्र कमाल क्षमतेच्या ६५ टक्क्यांच्या आसपासच राहिला. छाती धडधडते, घाम निथळतो, त्यामुळे धावण्याइतकाच व्यायाम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात दमसासाच्या यंत्रणेवर तेवढा भार पडलेला नसतो. डेन्मार्कमध्ये ४० प्रौढांवर आठ आठवडे झालेल्या एका चाचणीत केटलबेल करणाऱ्यांची मान, खांदे आणि कंबर यांची दुखणी कमी झाली, पाठीच्या स्नायूंची ताकद वाढली. दमसास मात्र वाढला नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन महिला फुटबॉलपटूंनी चार आठवडे गोळा डोक्यावर नेण्याचा वेगवान सराव केला, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे सहा टक्क्यांनी वाढली. म्हणजे फायदा शून्य नाही. पण तो विशिष्ट, कठीण पद्धतीने आणि चांगले तंत्र असलेल्यांना मिळतो. नवख्या उमेदवाराने त्यावर साठ गुण लावू नयेत.

मग केटलबेल नेमका कुठे उपयोगी पडतो? खुब्याचा जोर, पाठीचा कणखरपणा आणि मुठीची पकड या तीन ठिकाणी. सहा आठवडे गोळा झुलवणाऱ्या तरुणांची बैठकीतली ताकद सुमारे दहा टक्क्यांनी आणि उंच उडी मारतानाचा स्फोटक जोर सुमारे वीस टक्क्यांनी वाढल्याचे एका ब्रिटिश अभ्यासात दिसले. १०० मीटरची सुरुवात, गोळाफेकीतला कमरेखालून येणारा झटका, नऊ फुटांची उडी या सगळ्यांच्या मुळाशी हाच जोर असतो. म्हणून पोलीस भरतीच्या उमेदवाराला केटलबेलचा थेट लाभ अधिक, अग्निवीर होऊ पाहणाऱ्याला कमी. बीमसाठी गोळा हातात धरून चालण्याने पकड सुधारते, पण पाठीचे आणि दंडाचे स्नायू शरीर वर ओढायला शिकतात ते दांड्याला लटकूनच. ज्याला एकही बीम निघत नाही त्याने स्टुलावरून हनुवटी दांड्यावर न्यावी आणि तिथून पाच-सहा सेकंद घेत सावकाश खाली यावे. पहिला बीम मिळवण्याचा हा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे.

खरी चूक होते ती हिशेबात. अकादमीतला दिवस आधीच भरगच्च असतो. पहाटे सात-आठ किलोमीटर, मग जोर-बैठका, संध्याकाळी पुन्हा मैदान. त्यात केटलबेल आला की तो वरून आणखी चढवला जातो. शरीर व्यायामाच्या वेळी कणखर होत नाही. ते होते त्यानंतरच्या झोपेत आणि जेवणात. चार वाजता उठणारा मुलगा रात्री अकरापर्यंत मोबाइलवर किंवा लेखी परीक्षेच्या पुस्तकात असेल, आणि जेवणात भाकरी, आमटी, भात यांपलीकडे प्रथिने फारशी नसतील, तर वाढवलेला प्रत्येक व्यायाम हा उधारीचा असतो. म्हणून नियम एकच असावा: केटलबेल घ्यायचा तर तो कशाच्या तरी बदली घ्यावा. आठवड्यातल्या सहा-सात धावण्यांपैकी दोन कमी करून त्या जागी दोन दिवस वीस-पंचवीस मिनिटे गोळा. असे केले तर पायांवरचे हजारो आदळे वाचतात आणि स्नायूंना काम मिळत राहते. भरतीच्या तयारीत केटलबेलचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

हे आदळे किती महत्त्वाचे, ते सरकारी रुग्णालयांच्या अस्थिरोग विभागांत भरतीच्या हंगामात कळते. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत नव्या श्रमांना सरावतात. हाडाला महिने लागतात. भार वाढला की हाड आधी स्वतःचा जुना भाग पोखरते आणि मग तिथे नवा भरते. या मधल्या काळात ते उलट काहीसे कच्चे असते. नेमक्या याच वेळी, जाहिरात आली म्हणून, धावणे दुप्पट केले की नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तो साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, त्यामुळे ‘काही नाही’ म्हणून मुलगा पुन्हा धावतो. नडगीवर बोटाने दाबता येईल अशा एकाच ठिकाणी दुखणे, धावताना ते वाढत जाणे आणि पुढे चालतानाही, रात्रीही ठणकणे, ही लक्षणे असतील तर एक्स-रे कोरा असला तरी धावणे थांबवायलाच हवे. सहा-आठ आठवड्यांची विश्रांती तेव्हा फार वाटते. पण पूर्ण मोडलेले हाड वर्ष घालवते आणि वय कुणासाठी थांबत नाही.

केटलबेलचे स्वतःचे धोकेही आहेत. गोळा झुलवताना वाकायचे ते कमरेत नाही, खुब्यात. भिंतीपासून वीतभर पुढे पाठमोरे उभे राहून, पाठ सरळ ठेवून, नितंब मागे नेत भिंतीला टेकवता येणे ही त्याची पहिली इयत्ता. हे जमेपर्यंत गोळा हातात घेऊ नये. मणक्यांच्या अभ्यासकांनी दाखवले आहे की या झोक्यात कंबरेच्या खालच्या मणक्यांवर पडणारा सरकता ताण नेहमीच्या वजन उचलण्यापेक्षा उलट दिशेचा असतो. त्यामुळे एरवी मोठे वजन लीलया उचलणाऱ्या काहींची कंबर या व्यायामाने दुखते. अशांनी हट्ट धरू नये. गोळा छातीशी धरून बैठका आणि दोन्ही हातांत वजन घेऊन चालणे त्यांना पुरेसे आहे. मुलांनी १२ ते १६, मुलींनी ८ ते १२ किलोपासून सुरुवात करावी. केटलबेल परवडत नसेल तर चालण्यासाठी पाण्याचे दोन भरलेले कॅन चालतात. मात्र झुलवण्यासाठी डबे, दोरीला बांधलेले दगड किंवा जोड दिलेली वजने वापरू नयेत. सुटलेले वजन समोरच्याच्या अंगावर जाते.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. सवय नसताना एकाच दिवशी शेकडो झोके किंवा बैठका मारल्या की स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांतला मायोग्लोबिन हा घटक रक्तातून मूत्रपिंडात जाऊन साचतो. स्नायू सुजून दगडासारखे होतात आणि लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी काळपट होते. हे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उशीर झाला तर डायलिसिसची वेळ येते. अंगदुखीवर दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या घेऊन, पाणी कमी पिऊन पुन्हा धावणाऱ्यांत मूत्रपिंडाचा धोका आणखी वाढतो. ‘ताकदीच्या’ नावाखाली विकली जाणारी इंजेक्शने आणि निनावी पावडरी याच यादीत येतात.

महाराष्ट्रासाठी इथे एक खास इशारा आहे. विदर्भात आणि नंदुरबार, धुळे, पालघरसारख्या आदिवासीबहुल भागांत सिकलसेलचा वाहकदोष बऱ्याच जणांत असतो. वाहक व्यक्ती एरवी ठणठणीत असते, अनेकदा तिला आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. अमेरिकी लष्करातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांचे मृत्यूचे प्रमाण अधिक नव्हते, मात्र श्रमाने स्नायू फुटण्याचा धोका सुमारे दीडपट होता. याचा अर्थ वाहकांनी भरतीचे स्वप्न सोडावे असा मुळीच नाही. श्रम हळूहळू वाढवावेत, पाणी भरपूर प्यावे, उन्हात जीव तोडून सराव टाळावा आणि पायांत अचानक बळ संपल्यासारखे वाटले तर तिथेच थांबावे, इतकेच. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे ही तपासणी सरकारी यंत्रणेत मोफत होते.

मुलींच्या तयारीत आणखी एक अडथळा असतो, तो रक्तातल्या लोहाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) राज्यातल्या १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन ९ असलेल्या मुलीला कोणताही केटलबेल आणि कोणताही प्रशिक्षक ८०० मीटरचे पूर्ण गुण मिळवून देऊ शकत नाही. तिला आधी तपासणी, लोहाच्या गोळ्या आणि पोटभर जेवण हवे. पाळी अनेक महिने बंद झाली असेल तर तीही व्यायामाला पुरेसे अन्न मिळत नसल्याची खूण असू शकते; ते ‘बरेच झाले’ म्हणून सोडून देऊ नये.

तीन महिने हातात असतील तर आठवड्याचा आराखडा फार अवघड नाही. एक दिवस गप्पा मारता येतील अशा वेगात लांब धावणे, एक दिवस ४०० मीटरच्या चार ते सहा वेगवान फेऱ्या आणि मध्ये पुरेशी विश्रांती, एक दिवस सोपे धावणे. दोन दिवस केटलबेल: दहा-दहा झोक्यांचे सहा ते आठ संच, गोळा छातीशी धरून बैठका आणि वजन घेऊन चालणे. बीम आठवड्यातून तीन-चार दिवस, थोडे थोडे, पूर्ण थकण्याआधी थांबून. एक दिवस निव्वळ विश्रांती. दर चौथ्या आठवड्यात सगळेच थोडे कमी. शेवटचे दहा दिवस गोळा बाजूला ठेवून धावण्याचे अंतर निम्मे करावे, वेग तेवढा टिकवावा. उन्हाळ्यात भरती असेल तर शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, हेही गणितात धरावे.

उमेदवाराने एवढे केले तरी उरलेली जबाबदारी व्यवस्थेची आहे. झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या १० किलोमीटर धावण्यात दहाहून अधिक उमेदवारांचा मृत्यू झाला. भरतीत तरुण मुले कोसळतात तेव्हा ‘तयारी कमी पडली’ एवढ्यावर चर्चा संपते. त्याआधी काही साधे प्रश्न विचारायला हवेत. धावणे ऊन चढण्याआधी संपले का? रात्रभर प्रवास करून रस्त्यावर झोपलेल्या उमेदवाराला पाणी आणि काही खायला मिळाले का? उष्माघात झाल्यास मैदानावरच थंड पाण्यात बुडवून अंग गार करण्याची सोय होती का? श्रमाने येणाऱ्या उष्माघातात आधी थंड करणे आणि मग रुग्णवाहिका, हा क्रम जीव वाचवतो. बर्फाचे पाणी भरलेली एक मोठी टाकी ही काही महागडी सामग्री नव्हे.

त्याहून स्वस्त उपाय त्याआधीचा आहे. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात भरतीच्या हंगामाच्या तीन महिने आधी उमेदवारांसाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवता येईल. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, सिकलसेल तपासणी, हृदयाचे आवाज, पावले आणि गुडघे पाहणे आणि दोन प्रश्न: धावताना कधी चक्कर येऊन पडलास का? घरात चाळिशीच्या आत कुणी अचानक गेले का? यांतल्या एकाचे उत्तर ‘हो’ आले तर ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे पदही लागत नाही. सपाट पाऊल किंवा जुळणारे गुडघे यांमुळे वैद्यकीय चाचणीत बाद होणाऱ्या मुलालाही ते तेव्हाच कळेल आणि अकादमीच्या शुल्कासाठी घरचे कर्ज काढणार नाहीत.

पालकांनी अकादमी निवडताना तिथे केटलबेल किती आहेत हे पाहण्यापेक्षा तिथे विश्रांतीचा दिवस कोणता, जेवणात काय आणि मागच्या वर्षी किती मुलांच्या नडग्या दुखावल्या, हे विचारावे. लोखंडी गोळा चांगले साधन आहे. पाठ आणि खुबे तो कणखर करील, पायांवरचा मार थोडा कमी करील. सोळाशे मीटर मात्र प्रत्येकाला स्वतःच्या पायांनीच धावायचे आहे, आणि ते पाय भरतीनंतरच्या नोकरीतही शाबूत राहायला हवेत.